घुम्या लांब उभा राहतो

नियम पाळणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. मोटारींच्या विम्याचे दावे तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. खरा अपघात झालेला माणूस गडबडलेला असतो, चुकीची तारीख सांगतो, मधेच बायकोवर ओरडतो. ज्याची उत्तरं चोख, कागद चोख, आवाजही चोख, त्याच्या गाडीखाली मी आधी वाकून बघायचो. आणि बहुतेक वेळा तिथं काहीतरी सापडायचंच.

त्यामुळे घुम्यावर माझी नजर गेली यात नवल नाही.

घुम्या म्हणजे आमच्या क्लबचा गोलकीपर. व्यवसायानं लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसातून चार शब्द बोलला तर त्यातले दोन स्वतःशी, म्हणून हे नाव पडलं. आमचा क्लब हौशी लोकांचा आहे. एक न्हावी, एक बँकेतला कॅशियर, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, फरशा विकणारा माझा मेव्हणा, असे सगळे रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर जमतात आणि गुडघे फोडून घेतात. साथ आली तेव्हा मैदानाला कुलूप लागलं. बऱ्याच महिन्यांनी ते उघडलं, पण अटी घालून. प्रत्येक क्लबनं एक सुरक्षा प्रमुख नेमायचा. आपली बाटली आपण आणायची, थुंकायचं नाही, कपडे बदलायच्या खोलीत गर्दी करायची नाही, आणि गोल झाला तरी मिठ्या मारायच्या नाहीत. नियम मोडताना सापडलात तर मैदान बंद.

सुरक्षा प्रमुख व्हायला कोणी तयार नव्हतं. मी झालो. त्याला कारण होतं.

माझ्या बायकोला दुसऱ्याची किडनी बसवलेली आहे. ती किडनी तिच्या शरीरानं परकी समजून फेकून देऊ नये म्हणून तिला रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या गोळ्यांनी अंगातली आजाराशी लढायची ताकदच कमी होते. आपल्याला नुसती सर्दी होईल तिथं हिला दवाखान्यात ठेवावं लागतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हा आजार तुमच्या घरात शिरता कामा नये. बाकी मी काही सांगत नाही." एवढंच बोलून ते खिडकीबाहेर बघायला लागले. मला जे समजायचं ते समजलं.

मग मी मैदानावर जातच का होतो, असं कोणीही विचारेल. कारण माझा मेव्हणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, क्लबचा कॅप्टन. खेळ संपला की तो दर रविवारी थेट आमच्याकडे यायचा. त्याला येऊ नको म्हणणं मला शक्य नव्हतं, कारण हिच्या पोटातली ती किडनी त्याचीच होती. एका शब्दानंही काही न विचारता दिली होती त्यानं. त्याच्यावर संशय घेण्याइतका कृतघ्न मी नव्हतो. तेव्हा मी हिशेब केला, की घराचं दार बंद करता येत नसेल तर मैदानाचं दार राखावं. तिथं कोणी आजारी माणूस शिरला नाही, तर मेव्हणाही निरोगी आणि घरही निरोगी. हिशेब मला बिनचूक वाटला होता.

तर पहिल्या रविवारी सगळ्यांनी माझ्यासमोर माना डोलावल्या. दुसऱ्या रविवारी एकमेकांच्या बाटल्यांतून पाणी पीत होते. कॅशियरनं गोल मारला तर पाचजण त्याच्या अंगावर. मी शिट्टी मारली, ओरडलो, शिव्या घातल्या. पालथ्या घड्यावर पाणी. न्हावी तर म्हणाला, "साहेब, इथं तेवढं एक सुख उरलंय. घरी कोण मिठी मारतंय?"

फक्त घुम्या पाळायचा. आणि कसा! कपडे घरून घालून यायचा. हातमोजे वेगळ्या पिशवीत, ती पिशवी आपल्याच गाडीत. विश्रांतीच्या वेळी सगळे एका झाडाखाली कोंबलेले, आणि हा मैदानाच्या पलीकडच्या कडेला, पालथ्या घातलेल्या खोक्यावर एकटा. तोंडावरची पट्टी फक्त खेळताना खाली. मी ताप मोजायचं यंत्र घेऊन गेलो की हा लांबूनच हात पुढे करायचा, मनगटावर मोजा म्हणून, आणि तोंड दुसरीकडे फिरवायचा.

एवढं तरी मी सोडून दिलं असतं. पण हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. इतरांपासून तो दोन पावलं लांब राहायचा. मी जवळ गेलो की चार पावलं मागे सरायचा. न्हावी त्याच्या बाजूनं गेला तर जागचा हलायचा नाही, आणि मी मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे निघालो की हा खोक्यासकट उठायचा. सुरक्षा प्रमुखाला कोण टाळतं? ज्याला लपवायचं असतं तो.

"नाकानं कांदे सोलतो तो, दुसरं काही नाही," न्हावी म्हणाला.

"एवढ्या सगळ्यांत त्यालाच बरी भीती वाटते," मी म्हणालो. "त्याला काहीतरी माहीत आहे. घरात कोणीतरी आजारी असणार. नाहीतर हाच."

"मग भीती वाटणारा बरा की न वाटणारा?"

न्हाव्यांशी वाद घालू नये, त्यांच्या हातात वस्तरा असतो.

पुढच्याच आठवड्यात हिची औषधं आणायला मी मोठ्या हॉस्पिटलात गेलो. औषधांची खिडकी इमारतीच्या मागच्या बाजूला. तिथं, साथीच्या रुग्णांना न्यायचं जे दार होतं, त्याच्या शेजारी घुम्याची गाडी उभी. मी भिंतीआड थांबलो. हातातली गोळ्यांची पिशवी विसरून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं तो त्याच दारातून बाहेर आला, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि निघून गेला. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. पाणी मुरतंय हे मी म्हणतच होतो, आता कुठं मुरतंय तेही दिसलं.

रविवारी मी त्याला गाठलं. म्हणजे तो मागे सरत होता आणि मी पुढे जात होतो, असं करत आम्ही कुंपणापर्यंत गेलो.

"हॉस्पिटलात काय करत होतास?"

"लिफ्ट."

"कुठली लिफ्ट?"

"मागची. पेशंटची."

"आम्हाला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत, काका."

मग आपणहून तीन वाक्यं बोलला, तेवढं त्याच्या मानानं भाषणच. "दर आठवड्याला तपासणी करतात आमची. कालच केली. काही नाही निघालं." आणि फोन लांब धरून त्यानं मला तो अहवाल दाखवला. तारीख बरोबर, नाव बरोबर, शिक्का बरोबर. सगळं चोख. चोख कागद बघून माझं काय होतं ते मी आधीच सांगितलंय. माझा संशय तिथल्या तिथं दुप्पट झाला.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "त्या घुम्यात काहीतरी गडबड आहे."

"काय गडबड आहे?"

"तो नियम पाळतो."

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता भाजी निवडायला लागली. तिचं गप्प राहणं हे एक वेगळंच शास्त्र आहे, आणि इतक्या वर्षांच्या संसारात मला त्याची पहिली इयत्ताही पास होता आलेली नाही.

त्या दुपारी मेव्हणा आला. तो आला की घर भरून जातं. दारातूनच हाक, "ताई, काय मग, माझी वस्तू नीट चालतेय ना?" हा त्याचा ठरलेला विनोद. ती ठरलेलं हसायची. त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं, धक्काबुक्कीचे खेळ जपून खेळा. त्यानं त्यातला 'जपून' तेवढा गाळला. बसायचा सोफ्याच्या लांबच्या टोकाला, तेवढं मी त्याला सांगितलं होतं. पण चहाचा दुसरा कप येईपर्यंत गप्पा मारता मारता सरकत तिच्या शेजारी. पट्टी हनुवटीवर. मग ती उठायची, खिडकी उघडायची आणि खिडकीपाशीच खुर्ची ओढून बसायची. "जरा हवा येऊ दे," म्हणायची. मला वाटायचं, तिला उकडतंय.

आणि मग तो दिवस आला, ज्यानं माझं डोकं पार फिरवलं. मी सामान आणायला गेलो होतो. दुकानापुढे रांग मोठी होती म्हणून अर्ध्यातून परत आलो, तर आमच्या इमारतीतून घुम्या बाहेर पडत होता. हातात हत्यारांची पेटी. मला बघितलं, आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं निघून गेला. ओळखही दाखवली नाही.

मी लिफ्टनं वर आलो. लिफ्ट उत्तम चालत होती. चौथ्या मजल्यावर आमचं दार उघडं, नुसती साखळी लावलेली. दाराच्या आत हिची खुर्ची. तिथं ती कधीच बसत नाही.

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही," ती म्हणाली.

ती माझ्याशी खोटं बोलत नाही. निदान मला ते कधी सापडलं नव्हतं. आणि ज्याच्या हाताखालून हजारो खोटे दावे गेले, त्याच्या स्वतःच्या घरात, त्याच्या स्वतःच्या बायकोनं असं तोंडावर सांगावं! रात्रभर माझ्या मनात नाही नाही ते आलं. त्यातलं बरंचसं इथं लिहिण्याच्या लायकीचं नाही. साठी जवळ आलेल्या माणसाला ते शोभतही नाही. पण येत होतं. सकाळी उठलो तेव्हा निर्णय झाला होता. हा माणूस हॉस्पिटलातल्या आजारी लोकांच्या लिफ्टमधून निघून माझ्या दारापर्यंत आला होता. कशासाठी आला हे मला कळायची गरजच नव्हती. त्याला क्लबमधून काढायचं.

रविवारी सामन्याच्या आधी मी सगळ्यांना झाडाखाली बोलावलं. घुम्या नेहमीसारखा लांब उभा. मी हॉस्पिटलचं सांगितलं, लपवल्याचं सांगितलं. घरचं सांगितलं नाही. ते सांगून मी माझं हसं करून घेणार नव्हतो. ड्रायव्हर पुटपुटला की बिचाऱ्याचं पोटच आहे ते. न्हाव्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. सगळे कॅप्टनकडे बघायला लागले.

मेव्हणा बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेत होता. "दाजी म्हणतात तर असेल काहीतरी," तो म्हणाला. "दाजींच्या नजरेतून कोण सुटलंय?"

मला बरं वाटलं. घुम्यानं हातमोजे पिशवीत घातले. जाता जाता थांबला.

"काकूंना सांगा…" एवढं म्हणाला.

"काय सांगू?"

"नको," म्हणाला, आणि गेला.

बघा! चोराच्या मनात चांदणं. मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

सगळ्यांचा ताप मोजला. कोणालाच नव्हता. मेव्हण्याचं कपाळ तर गार लागलं, पाणी ओतलं होतं ना. तो पोटरीवर दुखण्याचा स्प्रे मारत होता. तो स्प्रे असा भयंकर आहे की खोलीत कोणी मारला तर बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं.

"दाजी, ही बाटली कुठून आणलीत? नुसतं पाणी आहे," तो म्हणाला. "कसलाही वास नाही."

"त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून."

"फसवलं तुम्हाला. बनावट आहे."

मला त्या दुकानदाराचा आधीपासूनच संशय होता. फार गोड बोलतो. मी बाटली उलटीसुलटी करून बघितली, झाकणाचं सील बघितलं, आणि उद्या त्याची हजेरी घ्यायची असं ठरवून टाकलं.

गोलमध्ये कॅशियरला उभा केला. त्यानं दोन सोडले. मग आम्ही दोन फेडले. आणि अगदी शेवटी शेवटी मेव्हण्यानं डावीकडून असा गोल मारला की मी चाळीस वर्षांत त्या मैदानावर बघितला नव्हता. पुढं काय झालं ते माझं मलाही नीट आठवत नाही. शिट्टी माझ्या गळ्यात, यंत्र माझ्या खिशात, आणि मी धावत होतो. तो माझ्याकडे धावत आला. घामानं निथळणारा, हसणारा माझा मेव्हणा. त्यानं मला मिठी मारली आणि मीही त्याला मारली, आणि आमच्यावर बाकीचे पडले. फार दिवसांनी मला कोणीतरी मिठी मारली होती. खूप छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन मी आंघोळ केली. ही स्वयंपाकघरात ओट्याशी होती. मी दारातच स्टूल घेऊन बसलो आणि सामना सांगायला लागलो.

"घुम्यानं किती अडवले?" तिनं विचारलं.

"घुम्या नव्हता. काढला मी त्याला."

तिच्या हातातली पळी थांबली. "का?"

"का म्हणजे? त्याला विचार, तो आपल्या इमारतीत काय करत होता. नाहीतर तूच सांग. मी त्या दिवशी त्याला बघितलंय."

ती वळली. मला वाटलं होतं घाबरेल. ती घाबरली नव्हती. चिडली होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

"मी बोलावलं होतं त्याला," ती म्हणाली. "मागे लिफ्ट बंद पडली तेव्हा तो आला होता, तेव्हा फोन नंबर घेतला. तेव्हाच त्याला म्हटलं, बाबा रे, बाकीचे कोणी ऐकणार नाहीत, तू तरी आमच्या ह्यांच्यापासून लांब राहा. ते तुझ्या जवळ आले तरी तू लांब जा. तो हो म्हणाला. आणि तुम्ही त्याला…"

मी उठून उभा राहिलो. बसलो. "मग माझ्याशी खोटं का बोललीस?"

"कारण त्या दिवशी त्याला दुसरंच विचारायला बोलावलं होतं मी. माझा भाऊ तिथं कसा वागतो, ते खरं खरं सांग म्हटलं. तुमच्याकडून ते कळणार नव्हतं मला. सगळ्या जगावर संशय घेता तुम्ही, आणि तो दारात आला की तुमचे डोळे मिटतात."

"अगं, त्यानं तुला—"

"माहितेय मला त्यानं काय दिलंय!" ती ओरडली. लग्नापासून तिचा आवाज एवढा चढलेला मी ऐकला नव्हता. "माझ्या पोटात आहे ते. ज्यानं एवढं दिलं, त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू, बाहेर उभा राहा म्हणून? मी सांगू शकत नाही. तुम्ही सांगायला हवं होतं. मी दर रविवारी खिडकीपाशी बसून वाट बघत होते, की आज तरी तुम्ही सांगाल."

माणसाला काय बोलावं सुचत नाही तेव्हा तो भलतंच बोलतो. मी म्हणालो, "पण आज तर सगळ्यांचं तापमान नीट होतं. त्याचं कपाळ गार होतं. फक्त स्प्रे बनावट निघाला, तेवढंच. त्या दुकानदाराला मी—"

"काय बनावट?"

"स्प्रे. वासच नाही म्हणाला त्याला."

तिनं गॅस बंद केला. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला आला होता का वास?"

मला आला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाटली हातात धरून, डोळे पुसत पुसत मी त्या बाटलीचं सील तपासलं होतं.

मी तिच्यापासून मागे सरलो. स्टूल पडलं. पाठ भिंतीला लागेपर्यंत मी मागे गेलो.

"आत जा," मी म्हणालो. "झोपायच्या खोलीत. खिडक्या उघड सगळ्या. दार लावून घे."

"तुम्ही त्याच्या जवळ…"

"मिठी मारली," मी म्हणालो.

तेवढ्यात बेल वाजली. दाराबाहेरून नेहमीची हाक आली, "ताई! काय मग, माझी वस्तू नीट चालतेय ना?"

ती खोलीच्या दारापर्यंत गेली, पण आत गेली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली. मी पट्टी चढवली आणि साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं. मेव्हणा हसत उभा होता. चेहरा लाल झालेला. खेळून लाल झालाय असं मी सकाळी म्हटलं असतं.

"सकाळी गोळी घेतली होतीस का?" मी विचारलं.

"कसली गोळी? दाजी, दार उघडा ना."

"मैदानावर यायच्या आधी. काही घेतलं होतंस का?"

त्याचं हसू जरा ओसरलं. "अंग दुखत होतं म्हणून घेतली एक. त्यात काय? फरशा उचलून अंग दुखतंच."

"कधीपासून दुखतंय?"

"शुक्रवार… गुरुवार. काय चाललंय? माझा काय दावा तपासताय का तुम्ही?"

"हो," मी म्हणालो. "जेवणाची चव लागते का?"

त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं, की त्यालाही आता कळत होतं, आणि बहुधा आधीपासून थोडंथोडं कळत होतं. सामना होता ना. कॅप्टन घरी कसा बसेल? मग तो चिडला. पकडला गेलेला माणूस आधी चिडतोच.

"मला दाराबाहेर उभं करता? मला? माझी किडनी आहे तिच्यात!"

हे वाक्य आमच्या घरात कधीच कोणी उच्चारलं नव्हतं. विनोदात गुंडाळूनच यायचं ते. आता जिन्यात ते उघडंवाघडं पडलं, आणि खालच्या मजल्यावर कोणाचं तरी दार उघडल्याचा आवाज आला.

मागून हिचा आवाज आला. ती ओरडत नव्हती.

"म्हणूनच रे, बाळा," ती म्हणाली. "तुझीच आहे ती. ही खराब झाली तर दुसरी द्यायला आता तुझ्याकडे नाहीये."

मेव्हण्यानं कठड्याला हात लावला, परत काढून घेतला, आणि पायरीवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, आणि त्याला एक मुस्काटात द्यावीशीही वाटली. दोन्ही करता येत नव्हतं.

मी हिला म्हणालो, "मी बाहेर जातो. याच्याच घरी राहतो, दोघं एकाच गाळात रुतलेले. मी गेलो की दार लाव. मी हात लावलेलं सगळं पुसून घे, नाहीतर नकोच, कशालाही हातच लावू नकोस." मी काय बोलत होतो मला कळत नव्हतं. आंघोळ केली होती, स्टूल लांब होतं, खिडकी उघडी होती की बंद? बंद होती. फोडणीचा धूर होऊ नये म्हणून ती उघडते, आज उघडली नव्हती. मी किती वेळ बोलत बसलो होतो तिथं? एवढे दावे तपासले, पण त्या स्वयंपाकघरात अपघात झाला होता की थोडक्यात टळला होता, हे मला काही केल्या ठरवता येत नव्हतं.

साखळी काढून मी बाहेर आलो. आतून कडी लागल्याचा आवाज ऐकला.

"तुझी औषधं संपतील गुरुवारी," मी दाराला म्हणालो. "सामान कोण आणून देईल?"

"सोय केलीय मी," आतून आवाज आला.

"कधी?"

"घुम्या आला होता त्याच दिवशी. त्याला विचारून ठेवलं होतं, ह्यांना झालं तर आणशील का म्हणून."

म्हणजे मी आजार घेऊन येणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं. मला राग आला. जिन्यात उभा राहून मी तो राग कोणावर काढावा ते शोधत होतो, आणि एकाएकी तो राग नव्हताच, नुसती भीती होती. ती आत एकटी होती आणि मी तिला पाणीसुद्धा देऊ शकत नव्हतो.

मी घुम्याला फोन लावला. सकाळी ज्याला सगळ्यांसमोर हाकललं, त्याला काय म्हणायचं ते मी मनात जुळवत होतो. पण त्यानं मला बोलूच दिलं नाही.

"काकूंनी आत्ताच कळवलंय," तो म्हणाला. "मी निघालोय. उद्या हॉस्पिटलातून त्यांची तपासणी करायला माणूस येईल, तेही बोललोय. तुम्ही कुठं आहात?"

"जिन्यात. दारापाशी."

"मग खाली या, काका. लिफ्टला हात लावू नका, मला तिच्यातूनच वर जायचंय. तुम्ही तिथं उभे असाल तर मला दारापर्यंत जाता येणार नाही."

दारापासून हलायला माझे पाय तयार नव्हते. आतून काही आवाज येतो का म्हणून मी कान दिला. नळ सुरू होता. ती हात धूत होती. मग मी मेव्हण्याला म्हणालो, "ऊठ. रस्ता सोड त्याचा." आणि आम्ही दोघं, तो पुढे आणि मी बऱ्याच पायऱ्या मागे, चार मजले उतरून खाली गेलो.